देणगीची पावती आणि अनुदानाचा हप्ता

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेला पस्तीस-चाळीस माणसं येतात. त्यांतली निम्मी नंतरच्या बटाटेवड्यासाठी येतात असं कार्यवाहांचं म्हणणं, पण ते असो. मी कोषाध्यक्ष, त्यामुळे ताळेबंद वाचायचं काम माझं. तो वाचून झाला की दर वर्षी ठरलेले दोन प्रश्न येतात. पहिला : "सरकार अनुदान देतंय ना, मग देणग्या कशाला मागत फिरता?" आणि दुसरा, बहुतेक वेळा शेजारच्याच खुर्चीतून : "गेल्या साली दोन लाखांची देणगी आली म्हणून पेपरात फोटो होता. मग ग्रंथपालबाईंचा पगार तीन महिने थकला कसा?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. देणगी काय आणि अनुदान काय, पैसा शेवटी एकाच पेटीत पडतो, हा तो गैरसमज. सभेत दोन मिनिटांत तो निस्तरता येत नाही आणि तोवर वडे गार होतात. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी आणखी एक घोळ सोडवू. 'सार्वजनिक' वाचनालय म्हणजे सरकारी वाचनालय नव्हे. महाराष्ट्रात शासकीय ग्रंथालयं आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तिथले कर्मचारी सरकारी नोकर. पण गावोगावची जी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत ती संस्थांची आहेत. संस्थेची नोंदणी धर्मादाय कार्यालयात, कारभार निवडून आलेल्या कार्यकारी मंडळाकडे, इमारत संस्थेची किंवा भाड्याची. पाटीवरच्या 'शासनमान्य' या शब्दाचा अर्थ सरकारने मान्यता दिली, एवढाच. चालवायला घेतलं असा नाही. आमच्या ग्रंथपालबाईंना कुणी "तुमची सरकारी नोकरी, मजा आहे" म्हणालं की त्या नुसत्या हसतात.

इतिहास पाहिला तर देणगी आणि वर्गणी आधीची, अनुदानाचा कायदा फार नंतरचा. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. त्या काळी नाव असायचं 'नेटिव्ह जनरल लायब्ररी', आणि पैसा इंग्रज अधिकारी आणि गावातल्या सधन, शिकल्यासवरल्या मंडळींचा. पुढे १८९३ मध्ये ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८९८ मध्ये मुंबईचं, ही मराठी वाचणाऱ्यांनी आपल्या भाषेसाठी उभी केली. ग्रंथालयांचा कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान देशात पहिलं, १९४५ साली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला १९६७ मध्ये. म्हणजे रत्नागिरीच्या वाचनालयाने कायद्याशिवाय एकशे एकोणचाळीस वर्षं काढली. आमच्यातले काही ज्येष्ठ यावरून "तेव्हा चाललं ना, आताही चालेल" असा निष्कर्ष काढतात. तेव्हा ते वर्गणी परवडणाऱ्यांपुरतं चाललं, हे सोयीने विसरतात.

आता अनुदान. त्याचं कागदोपत्री नाव 'परिरक्षण अनुदान'. परिरक्षण म्हणजे आहे ते चालू ठेवणं. वाचनालय वर्षभर उघडं राहावं, म्हणजे ग्रंथपाल, निर्गम सहायक (पुस्तकं देणारा-घेणारा), शिपाई यांचं वेतन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं यासाठी ते असतं. किती मिळणार ते वर्गावर ठरतं. अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वाचनालय जिल्ह्याचं, तालुक्याचं की इतर गावातलं यावरही फरक. २०२२ मधल्या निर्णयाने अनुदान ६० टक्के वाढलं, तेव्हा जिल्हा 'अ' वर्गाचं वार्षिक अनुदान ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजारांवर गेलं, आणि तळाच्या 'ड' वर्गाचं ३० हजारांवरून ४८ हजारांवर. ४८ हजार म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातलं साधारण निम्मं वेतनाला आणि निम्मं बाकी सगळ्याला. त्या वाढीनंतरचा हा आकडा आहे, हे पुन्हा वाचावं.

शिवाय हे पैसे वर्षाच्या सुरुवातीला हातात पडत नाहीत. हप्त्याहप्त्याने येतात, आणि पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. थकलेल्या तीन महिन्यांचं उत्तर इथे आहे. हप्ता यायच्या आधीचे महिने आम्ही वर्गणीवर, रद्दीच्या पैशांवर आणि शेवटी कार्यकारी मंडळातल्या कुणाच्या तरी हातउसन्या रकमेवर काढतो. अनुदानासाठी मान्य खर्चातला काही भाग संस्थेने स्वतः उभा करायचा असतो, तो वेगळाच. म्हणजे पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. अनुदान मिळतं म्हणून देणगी मागायची गरज संपत नाही, अनुदान टिकवायलाच पदरचे पैसे लागतात.

अनुदानामागे हिशेब येतो. वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण, तपासणी. तपासणीला येणारे दाखल नोंदवहीचा, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे चढवतो त्या वहीचा, शेवटचा क्रमांक आणि कपाटातलं पुस्तक ताडून बघतात, देवघेवीची नोंद बघतात, कुणीही येऊन वाचावं असा मुक्तद्वार विभाग खरंच मुक्त आहे का बघतात. मला हा जाच वाटायचा. आता वाटत नाही. सकाळी भाजी घेऊन जाताना कुणीही, सभासद असो वा नसो, आत येऊन फुकट पेपर वाचू शकतो, तो या नियमांच्या जोरावर. नुसत्या वर्गणीदारांचं वाचनालय असतं तर "सभासदांसाठीच" ही पाटी लागायला वेळ लागला नसता. तसा ठराव आमच्याकडे एकदा येऊनही गेला.

देणगीचा स्वभाव वेगळा. ती एकदा येते आणि सोबत एक नाव आणि एक इच्छा घेऊन येते. पेपरात फोटो आलेली ती दोन लाखांची देणगी आईच्या स्मरणार्थ होती, आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं : अभ्यासिकेसाठी. टेबलं, खुर्च्या, दिवे, भिंतीत बसवलेला संगमरवरी फलक. ताळेबंदात असा पैसा 'अंकित निधी' म्हणून वेगळा दाखवावा लागतो. त्यातून पगार दिला तर तो देणगीदाराचा विश्वासघात, आणि लेखापरीक्षकाचा शेरा वेगळा. त्यामुळे ज्या महिन्यात अभ्यासिकेत नवे पंखे लागत होते, त्याच महिन्यात पंख्यांखालून फिरणाऱ्या बाईंचा पगार थकलेला होता. विचित्र दिसतं, पण हिशेबात काहीही चूक नव्हती.

देणगीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. माणसाला आपला पैसा दिसावा असं वाटतं. कपाट दिसतं, खोली दिसते. 'निर्गम सहायकाचे श्रावण महिन्याचे वेतन कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असा फलक मी अजून कुठल्या वाचनालयात पाहिलेला नाही. ठेव म्हणून देणगी देणारे थोडे अधिक लांबचं बघतात : मुद्दल बँकेत, व्याजातून व्याख्यान. पण व्याजदर उतरले की व्याख्यानाचं मानधनही उतरतं, आणि वक्त्याला ते सांगायचं काम माझ्याकडे येतं. पुस्तकरूपाने येणाऱ्या देणगीबद्दल न बोललेलं बरं. घर बदलताना पोत्यांतून येते ती. बारावीचे जुने गाइड, वाळवी लागलेले दिवाळी अंक, आणि तळाशी एखादं दुर्मीळ पुस्तक, ज्याच्यासाठी सगळं पोतं चाळावं लागतं.

इथवर फरक सरळ आहे. खरी गंमत मधल्या पट्ट्यात आहे, कारण तिथे करदात्याचा पैसा देणगीचं सोंग घेतो.

आमच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला चार लोखंडी कपाटं आहेत. त्यांवर लाल रंगात आमदारांचं नाव आणि 'यांच्या निधीतून'. सभासद सहज म्हणतात, साहेबांनी कपाटं दिली. साहेबांनी सुचवली, हे खरं. पण स्थानिक विकास निधी हा राज्याच्या तिजोरीतला पैसा, म्हणजे ज्याने काल पेट्रोल भरलं त्याचाही. तीच गोष्ट राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून येणाऱ्या पुस्तकांची. ही केंद्र सरकारची कोलकात्याची संस्था, १९७२ ची. समान निधी योजनेत प्रतिष्ठान आणि राज्य मिळून खर्च उचलतात. गठ्ठा फुकट येतो म्हणून आम्ही बोलताना 'भेट पुस्तकं' म्हणतो. भेट कसली, आपलीच पुस्तकं आहेत ती.

उलटंही होतं. संस्थेकडे देणगीवर आयकर सवलत मिळवून देणारं, ८०जी नावाने ओळखलं जाणारं प्रमाणपत्र असेल आणि देणगीदार जुन्या करप्रणालीत असेल, तर १०,००० रुपयांच्या देणगीतले साधारणपणे निम्मे, म्हणजे ५,००० रुपये, त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याचा कर १,५०० रुपयांनी कमी होतो, त्यावरचा उपकर धरला तर १,५६०. म्हणजे फलकावर १०,००० लिहिलं तरी त्यातले १,५६० सरकारने सोडून दिलेले आहेत. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी कुठल्याच प्रणालीत धरत नाहीत, म्हणून मी चेक मागतो तेव्हा रागावू नये. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआरचा) पैसाही याच मधल्या पट्ट्यातला. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायला कायदाच सांगतो, आणि सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं त्या यादीत आहे. सक्तीने दिलेल्याला देणगी म्हणावं का, हा वाद मी वड्यांसाठी राखून ठेवतो.

कर म्हटलं तरी तो सगळीकडे एकाच वाटेने येत नाही. महाराष्ट्रात ग्रंथालयासाठी वेगळा उपकर नाही, म्हणून आमचं अनुदान दर वर्षीच्या अर्थसंकल्पात बाकीच्या मागण्यांशी रांगेत उभं राहतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये झालेल्या मद्रासच्या कायद्याने घरपट्टीवरच ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकातही मालमत्ता करासोबत तो घेतात. गोव्याने १९९३ च्या कायद्यात तो विदेशी मद्यावर आणि बिअरवर लावला. तिथला पिणारा वाचणाऱ्याला पोसतो. आमच्या सभेत ही माहिती दिली तेव्हा त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी पडली. उपकराचा फायदा असा की पैसा कुणाच्या मर्जीवर राहत नाही. पण घरपट्टीसोबत गोळा झालेली रक्कम ग्रंथालय खात्यापर्यंत पोचेलच याची खात्री तोही देत नाही.

देणगी आणि कर एकमेकांना बांधून घालण्याची कल्पना मला सगळ्यांत पटते, आणि ती आपल्या जवळच घडलेली आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यासाठी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. गावाने काहीच जमवलं नाही तर वरून काही नाही, आणि जमवलं तर एकाचे तीन. त्याच सुमारास अमेरिकेत पोलादाचे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी उलट्या बाजूने तेच करत होते. त्यांच्या पैशाने जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारती झाल्या, पण अट एक : इमारतीच्या रकमेच्या १० टक्के इतका खर्च गावाने दर वर्षी करातून करायचा. दहा हजार डॉलरची इमारत हवी तर वर्षाला हजार डॉलरचा कर सोसा. काही गावांच्या मतदारांनी फुकटची इमारत नाकारली, ती या हजारासाठी. ते मतदार मूर्ख नव्हते. इमारत एकदा बांधली जाते आणि दिवे रोज लागतात, हे त्यांना कळलेलं होतं.

आमच्याकडे दर महिन्याच्या पाच तारखेला एक निवृत्त शिक्षक येतात आणि पाचशे रुपये देतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी पावतीपुस्तक उघडलं आणि 'कारण' या रकान्यावर थांबलो. विचारलं, "सर, काय लिहू? पुस्तकांसाठी, की बालविभागासाठी?" त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वीजबिल लिहा." तसं लिहिलं. तेव्हापासून दर महिन्याला तेच लिहितो.