पार्श्वभूमी : ग्वाल्हेरच्या थंडीतली फुलाफुलांची बंडी

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची स्थिरावली आणि तिचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. इथे वसलेल्या मराठी कुटुंबांना बाराबंदी ठाऊक होती, घोंगडी ठाऊक होती. सुयांवर विणलेली लोकर मात्र नव्हती. जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर उतरणाऱ्या या गावात फुलाफुलांची, बिनबाह्यांची लोकरी बंडी आज अगदी घरची वाटते. तिचा प्रवास मात्र बराच लांबचा आहे.

दोन सुयांचे विणकाम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि गोऱ्या मडमांकडून उत्तर भारतात पसरले. १८७६ मध्ये कानपूरला पुढे ‘लाल इमली’ म्हणून गाजलेली लोकरीची गिरणी निघाली, १८८० मध्ये पंजाबात धारीवालची.

विणकामातल्या फुलाची गोष्ट वेगळीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंगीत नमुने छापू लागले. ते होते लोकरीच्या भरतकामासाठी, पण एक चौकट म्हणजे एक टाका हा हिशेब विणकामालाही लागू पडला. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि लोकरीला भडक, स्वस्त रंग मिळू लागले. नॉर्वेतल्या सेल्बू गावी १८५७ मध्ये मारित एम्स्टाड या मुलीने काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांचे फूल विणले, असे तिथे सांगतात. आपल्याकडच्या बंड्यांवर दिसणारे टोकदार पाकळ्यांचे फूल त्याच कुळातले. तिरक्या रेघा एकेक टाका सरकवत चढतात, म्हणून ते सुयांवर सहज उतरते. गुलाबाची गोल पाकळी अवघड. टाका उंचीपेक्षा रुंद असतो. पाच टाक्यांच्या रुंदीत साधारण सात ओळी बसतात, त्यामुळे साध्या आलेखाच्या कागदावरून विणलेला गुलाब चपटा येतो. हे ओळखून कागदावरच फूल उंच काढणाऱ्या बायकांची नजर मला फार मोलाची वाटते.

एका ओळीत दोन रंग चालवले की न वापरलेला धागा मागून जातो. तो चार-पाच टाक्यांनी अडकवला नाही तर बोटे गुंततात, आणि ताणला तर फूल आकसते. पण याच मागच्या धाग्यांमुळे कापड दुहेरी होते, छाती-पाठ उबदार राहते. कोवळ्या उन्हात हात मोकळे ठेवून काम करायला आणि पदराखाली घालायला बंडी बरी, ती यामुळेच. १९२२ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरला येऊन गेलेल्या ब्रिटनच्या युवराज एडवर्डने त्याच दशकात स्कॉटलंडच्या फेअर आयल बेटाचा नक्षीदार स्वेटर घातला आणि बहुरंगी विणीची फॅशन जगभर झाली.

१९६२ च्या चीन युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. पुढे अ‍ॅक्रिलिक हे कृत्रिम सूत आले : धुवायला सोपे, कसरीची भीती नाही, ऊब मात्र लोकरीइतकी नाही.

बंडीवर इतके रंग येण्याचे एक कारण काटकसरही आहे. लहान झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीची लडी करून धुवायची आणि वजन टांगून तिचा पीळ काढायचा. मोठा भाग नव्या बंडीच्या अंगासाठी लागतो. मूठभर उरलेल्या गुलाबी, पिवळ्या, मोरपंखी लोकरीत दुसरे काही होत नाही, पण पाकळ्या होतात.