तिवरं मोजली, गाळाचं काय?

ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या काठाला उभं राहिलं की आधी वास येतो, सडक्या अंड्याचा. आपण नाक दाबतो आणि गटारांना नावं ठेवतो. (गटारं निर्दोष आहेत असं नाही.) पण त्यात मोठा वाटा हायड्रोजन सल्फाइडचा असतो. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या या काळ्या गाळात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. म्हणून तर तिवर, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं झाड, आपली श्वसनमुळं पेन्सिलींसारखी चिखलाबाहेर काढतं. गाळातले जीवाणू मग ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात; त्यातूनच तो वासाचा वायू सुटतो, पण कुजवण्याचं काम मंदावतं. त्यामुळे पाला आणि मेलेली मुळं पुरती कुजत नाहीत, वर नवा गाळ बसत जातो आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन शेकडो वर्षं खाली राहतो.

हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या 25 कांदळवनांचा, म्हणजे अशा खारफुटीच्या जंगलांचा, अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. हेक्टरी सरासरी हजार टनांच्या आसपास कार्बन निघाला आणि त्यातला बहुतेक जमिनीत. आपल्याकडे प्रकल्प आला की हिशेब मात्र झाडांचा होतो: इतकी तोडणार, त्याच्या कितीतरी पट लावणार. रोपं दुसरीकडे लावता येतात. गाळ हलवता येत नाही.

शिवाय हा कार्बन सुटायला कुऱ्हाड लागतच नाही. भराव टाकून रस्ता केला आणि खालून पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर भरती अडते. गाळ सुकतो, भेगांतून हवा आत शिरते आणि इतकी वर्षं रखडलेलं कुजणं जोरात सुरू होतं. पलीकडे पावसाचं गोडं पाणी साचलं तर मिथेनची भर. तिवरं कागदोपत्री शाबूत!

म्हणून खरा प्रश्न आखणीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनांभोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं, सार्वजनिक हिताच्या कामांना अपवाद ठेवून. बुलेट ट्रेनसाठी आधी सुमारे 53 हजार तिवरं जाणार होती. आराखडे बदलल्यावर 2022 मध्ये न्यायालयाने परवानगी दिली ती सुमारे 22 हजारांना. ठाणे खाडीखालून तर गाडी बोगद्यातूनच जाणार आहे. बोगद्याच्या सिमेंट-पोलादाचाही कार्बन असतोच, तो गाळातल्या कार्बनशेजारी मांडून बघायला हवा, आणि तोही मार्ग नक्की होण्याआधी.