कोयलीचा हायड्रोजन रस्त्यावर उतरेल का?

बडोद्याला हायड्रोजनचे नावीन्य नाही. कोयलीच्या रिफायनरीत डिझेलमधले गंधक काढण्यासाठी आणि जड तेलाचे मोठे रेणू फोडून हलके इंधन मिळवण्यासाठी हा वायू रोज तयार केला जातो आणि तिथल्या तिथेच वापरून संपतो. फर्टिलायझरनगरमध्ये त्याचा नायट्रोजनशी संयोग घडवून अमोनिया आणि अमोनियापासून खत बनते. रणोलीला मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा काढताना टनामागे साधारण 25 किलो हायड्रोजन आपोआपच हाती येतो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत यांपैकी एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका किंवा मामा हमखास भेटतात. उद्याच्या वाहनांसाठी पैसा हायड्रोजनमध्ये गुंतवावा की बॅटरीमध्ये, असा विषय निघाला की ते अधिकारवाणीने हायड्रोजनची बाजू घेतात, आणि तीस-चाळीस वर्षे तो वायू सुरक्षितपणे हाताळलेल्या माणसाला आपण अडाणी म्हणू शकत नाही.

मात्र कारखान्यातला हायड्रोजन हा कच्चा माल आहे आणि गाडीतला हायड्रोजन हे ऊर्जा वाहून नेणारे माध्यम आहे. या दोन भूमिकांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि गुंतवणूकदारांच्या चर्चेत नेमकी हीच सरमिसळ होते.

हायड्रोजनच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा आकडा खरा आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे 33 युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते, तर एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12. पण हायड्रोजन पेट्रोलसारखा जमिनीतून उपसता येत नाही. तो पाण्यातून किंवा नैसर्गिक वायूतून ऊर्जा खर्च करून सोडवावा लागतो. पाण्याचे विद्युत् अपघटन करून, म्हणजे विजेने पाणी फोडून, एक किलो हायड्रोजन मिळवायला 50 ते 55 युनिट वीज लागते. मग गाडीच्या टाकीत मावावा म्हणून तो 700 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सातशे पट, दाबावा लागतो, त्यात आणखी काही युनिट जातात. इतका दाबूनही एक लिटर टाकीत तो जेमतेम 40 ग्रॅम मावतो. गाडीतला इंधनघट या वायूचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून पुन्हा वीज तयार करतो, पण हायड्रोजनमधल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून थोडीच अधिक विजेच्या रूपात परत मिळते आणि बाकीची उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे पंपाच्या मागच्या बाजूला 55 ते 60 युनिट वीज आत गेली, तर चाकांपर्यंत सुमारे 16 युनिट पोहोचतात. तेवढीच वीज थेट बॅटरीत भरली, तर चार्जर, बॅटरी आणि मोटर यांतली सगळी घट वजा जाता चाकांना 45 च्या आसपास युनिट मिळतात.

हा जवळजवळ तिपटीचा फरक संशोधनाने बराचसा कमी होईल, असे पुष्कळांना वाटते. थोडा होईलही, अपघटनाची यंत्रे आणि इंधनघट दोन्ही सुधारत आहेत. पण विजेचे वायूत, वायूचे दाबलेल्या वायूत आणि त्याचे परत विजेत रूपांतर करताना प्रत्येक टप्प्यावर ऊष्मागतिकीचे (थर्मोडायनॅमिक्सचे) नियम आपला वाटा घेतात, आणि बॅटरीच्या मार्गात हे टप्पेच नाहीत.

आपल्या देशात याला आणखी एक पदर आहे. इथल्या विजेचा मोठा भाग अजून कोळशापासून येतो आणि ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या विजेवर बनवलेल्या एक किलो हायड्रोजनच्या माथी 38 किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बसतो. नैसर्गिक वायूपासून वाफेच्या साहाय्याने बनवलेल्या, ज्याला आपण नाके मुरडतो त्या ‘करड्या’ हायड्रोजनचा आकडा मात्र 9 ते 10 किलो आहे. भारत सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये हायड्रोजनला ‘हरित’ म्हणण्याची मर्यादा किलोमागे 2 किलो कार्बन डायऑक्साइड अशी ठरवली. ती गाठायची तर सौर किंवा पवन वीजच हवी, आणि अशी वीज हाताशी असेल तर तीन गाड्यांची वीज एका गाडीसाठी का खर्चावी, हा प्रश्न राहतोच.

बॅटरीविरुद्धचा जुना आक्षेप किमतीचा होता. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली तेव्हा ती कॅमेऱ्यांपुरती होती. 2010 च्या सुमारास मोटारीच्या बॅटरीला प्रत्येक किलोवॅट-तासामागे हजार डॉलरहून अधिक पडत असत. 2024 मध्ये जागतिक सरासरी 115 डॉलरवर आली. याच काळात हायड्रोजन पंपांचे काय झाले ते पाहण्यासाठी कॅलिफोर्नियाकडे बघावे. तिथे पंपावरचा भाव किलोला 30 डॉलरच्या वर गेला आणि शेल कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये छोट्या गाड्यांसाठीचे आपले पंप बंद केले. टोयोटाची मिराई ही उत्तम अभियांत्रिकी असलेली गाडी 2014 च्या अखेरीस आली. तिच्या आजच्या आवृत्तीत 5.6 किलो हायड्रोजन मावतो आणि तो भरायला पाचेक मिनिटे लागतात. परंतु भरायला जागा नसेल तर ती पाच मिनिटे काय कामाची?

मालमोटारींच्या बाबतीत हायड्रोजनवाल्यांचे म्हणणे अधिक गंभीरपणे ऐकावे लागते. चाळीस टनांची गाडी किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट वीज खाते. पाचशे किलोमीटरसाठी सातशेच्या आसपास युनिट लागतात आणि एवढी बॅटरी चार टनांहून जड भरते. हेच अंतर 40 किलोंच्या आसपास हायड्रोजनमध्ये कापता येते. त्याच्या कार्बन तंतूंच्या टाक्या वायूच्या वजनाच्या पंधरा-वीस पट जड असल्या, तरी एकूण वजन एक टनाच्या आतच राहते. बडोद्याहून राष्ट्रीय महामार्ग 48 वरून मुंबईकडे माल नेणाऱ्याला वाचलेले तीन टन म्हणजे तीन टन भाडे. तरीही हा वायू महामार्गावरच्या पंपापर्यंत न्यायचा कसा? दोनशे बारच्या नळकांड्या वाहणारा पूर्ण आकाराचा ट्रेलर तीन-चारशे किलोच हायड्रोजन घेऊन येतो, म्हणजे दहा मालमोटारींची सोय झाली की तो रिकामा. अमेरिकेत हायड्रोजन ट्रकच्या नावावर भांडवल उभारणारी निकोला कंपनी फेब्रुवारी 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या पडझडीला संस्थापकाने केलेली फसवणूक हे मोठे कारण होते, त्यामुळे ते उदाहरण तंत्रज्ञानाविरुद्ध पुरावा म्हणून देणे मला योग्य वाटत नाही.

त्याहून बोलके उदाहरण रेल्वेचे आहे. बडोद्याजवळ सावलीला ज्या ऑलस्टॉम कंपनीचा मेट्रोचे डबे बनवणारा कारखाना आहे, त्याच कंपनीच्या हायड्रोजन गाड्या जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात ऑगस्ट 2022 पासून एका मार्गावर डिझेल गाड्यांच्या जागी धावू लागल्या. त्यांचे खूप कौतुक झाले. पण वर्षभरातच तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने पुढच्या गाड्या बॅटरीच्या घेण्याचे जाहीर केले, कारण त्या चालवायला स्वस्त पडतात. आपल्याकडे ब्रॉडगेजचे जवळजवळ पूर्ण विद्युतीकरण झालेले असल्याने तारेतून थेट वीज घेणाऱ्या इंजिनाशी हायड्रोजनची स्पर्धा आहे, आणि ती त्याला झेपणारी नाही.

मग राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे 19,744 कोटी रुपये वाया जाणार का? तसे मला वाटत नाही. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेचे लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजनचे आहे. एक टन अमोनियासाठी सुमारे 176 किलो हायड्रोजन लागतो आणि तिथे बॅटरी काहीच करू शकत नाही, कारण तिथे ऊर्जा नको आहे, अणू हवे आहेत. रिफायनरी, खत आणि उद्याचे पोलाद ही गिऱ्हाइके आजच ठरलेली आहेत. दूर जाणाऱ्या जहाजांसाठी अमोनिया किंवा मिथेनॉल हे इंधन म्हणून त्यांच्यात सामील होऊ शकते.

म्हणून हायड्रोजन कंपनीचे सादरीकरण समोर आले, तर त्यातल्या गाडीच्या चित्राऐवजी दोन आकडे शोधावेत. अपघटनाचे यंत्र वर्षातून किती तास चालणार आहे, हा पहिला. गुजरातच्या उन्हावरचा सौर प्रकल्प वर्षाच्या एकूण तासांच्या साधारण पाव भागाइतकीच पूर्ण क्षमतेची वीज देतो, आणि महागडे यंत्र उरलेला वेळ बसून राहिले तर प्रत्येक किलोवर त्याचा व्याजभार चढतो. दुसरा आकडा गिऱ्हाइकापर्यंतच्या अंतराचा. ते कुंपणापलीकडच्या अमोनिया संयंत्राइतके जवळ असेल तर हिशेब पुढे तपासण्यासारखा असतो, आणि तीनशे किलोमीटरवरच्या पंपाइतके दूर असेल तर ट्रेलरचे भाडेच बहुधा निकाल लावते.