मुंबईतील रॉक ध्वनिमुद्रणे

मुंबईच्या स्टुडिओंत स्थानिक व परदेशी रॉक संगीतकारांनी केलेली ध्वनिमुद्रणे. येथे मुख्यतः 1968 ते 1990 हा काळ विचारात घेतला आहे. त्यातील 1968 आणि 1972 ची सत्रे सर्वांत अधिक चर्चिली गेली आहेत आणि तारखा, वादकांची नावे व श्रेय यांचे घोळही त्यांच्याच बाबतीत अधिक आहेत. खास रॉकसाठी उभारलेला स्टुडिओ या काळाच्या पूर्वार्धात शहरात नव्हताच म्हटले तरी चालेल. ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एचएमव्ही’चा, फोर्टमधला स्टुडिओ आणि ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे येथील चित्रपटसंगीताची दालने यांच्याच आधाराने हे काम झाले. वादकही बहुतांशी तिथलेच. यंत्रे, वेळापत्रक आणि काम उरकण्याची सवय हे सगळे त्या दालनांचे होते. या मुद्रणांचा नाद घडला तो संगीतकारांच्या प्रयोगशीलतेइतकाच या परिस्थितीमुळे.

1968 चे सत्र. ‘बीटल्स’चा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन 1966 च्या शरदात पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत येऊन गेला होता. जानेवारी 1968 मध्ये तो पुन्हा आला, तो जो मॅसट दिग्दर्शित ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी. मुद्रण फिरोजशहा मेहता रस्त्यावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतील एचएमव्हीच्या स्टुडिओत झाले. सत्रांचा आरंभ 9 जानेवारीला झाला, याबद्दल फारसा वाद नाही. शेवट मात्र कोणी 12 किंवा 13 ला, तर कोणी 17 ला धरतात. याच सत्रात चित्रपटाच्या कामातून उरलेल्या वेळात ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यभाग मुद्रित झाला. त्यासाठी 12 आणि 13 जानेवारी अशा दोन्ही तारखा दिल्या जातात. बीटल्सच्या मुद्रणांची दिनवार सूची 12 तारीख सांगते आणि उलट बाजूचा तितका सबळ आधार पुढे येईपर्यंत तीच धरणे बरे.

यंत्राचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मुंबईच्या स्टुडिओत त्या वेळी एकमार्गी, म्हणजे टेपवर एकच ध्वनिपट्टी (ट्रॅक) मुद्रित करणारे मोनो यंत्र होते. कंपनीचा मुख्य कारभार आणि डमडमचा कारखाना कलकत्त्याला असल्याने दोन मार्गांचे स्टिरिओ टेपयंत्र तिथून आणावे लागले. कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते आगगाडीने आणले, असे हॅरिसनने नंतर सांगितले आहे. त्याचे कथन वर्षांनंतरचे असले तरी मुंबईत स्टिरिओ यंत्र नव्हते, या मूळ मुद्द्याशी ते जुळते.

दोन मार्गांचे यंत्र म्हणजे काय, हे आजच्या वाचकासाठी थोडे उलगडून सांगायला हवे. लंडनमध्ये त्याच सुमारास चार मार्गांची यंत्रे सर्रास होती. तिथे तालवाद्ये आधी, सूरवाद्ये मग आणि गायन शेवटी, अशी थरांची रचना करता येई. दोन मार्गांवर ती सोय जवळजवळ नसते. डावा आणि उजवा मार्ग एकाच वेळी भरतो. पखवाज बासरीवर चढला तर तो मागाहून खाली घेता येत नाही, टेक पुन्हा घ्यावा लागतो. त्यामुळे तोल साधायचा तो मायक्रोफोन आणि वादक यांच्यातल्या अंतराने, म्हणजे सनईवाल्याला मागे सरकवून आणि बासरीवाल्याला पुढे बसवून. चित्रपटसंगीतात रोज याच पद्धतीने काम होत असल्याने मुंबईच्या वादकांना यात नवे काही नव्हते. ध्वनिमुद्रक म्हणून जे. पी. सेन आणि एस. एन. गुप्ता यांची नावे नोंदलेली आहेत. या तोलाचे श्रेय सहसा हॅरिसनकडे जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यातला मोठा वाटा या दोघांचा मानायला हवा.

दालन ध्वनिरोधक नव्हते. खाली कंपनीची कचेरी आणि बाहेर फोर्टातली रहदारी. हॅरिसनच्या सांगण्यानुसार, संध्याकाळी साडेपाचला कचेरी सुटली की कर्मचाऱ्यांच्या पावलांचा जिन्यावरचा दणदणाट थेट मायक्रोफोनमध्ये येई आणि मुद्रण थांबवावे लागे. काही तुकड्यांत टॅक्सीचा आवाज राहून गेल्याचेही त्याने सांगितले आहे. असा आवाज शोधण्याचा छंद काही श्रोत्यांना लागला असला तरी त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक जागी टॅक्सीच आहे असे मानायचे कारण नाही.

संगीताचे तुकडे लहान आहेत, कारण ते प्रसंगांना मापून केलेले होते. हॅरिसनने चित्रपट पाहताना स्टॉपवॉचने वेळा टिपल्या होत्या आणि मुंबईत त्या मापाने वादकांकडून वाजवून घेतले. वादकांत शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया व एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तारशहनाई), रिजराम देसाड (हार्मोनियम, तबलातरंग), महापुरुष मिश्र (तबला, पखवाज), आशिष खाँ (सरोद), शंभू दास (सतार) इत्यादींची नावे येतात. शंभू दास यांनी वादक जमवण्यातही मदत केली. यांपैकी आशिष खाँ यांचे वादन मुंबईत झाले की लंडनला, याबद्दल एकवाक्यता नाही. सनईवादकांची नोंद सर्वांत गोंधळाची आहे. एका यादीत शरद कुमार, दुसरीत शरद घोष असे येते. दुसरे सनईवादक हनुमान यांचे आडनाव रोमन लिपीतून ‘जादेव’ असे उतरते. ते ‘जाधव’ असावे, असा तर्क मराठी वाचक साहजिकच करील, मात्र त्याला स्वतंत्र पुरावा लागेल. खुद्द ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पखवाजाचे स्पेलिंगही धड नसल्याने तिथल्या नावांवर फार विसंबू नये.

‘द इनर लाइट’चे गायन 6 व 8 फेब्रुवारीला लंडनमधील ॲबी रोड स्टुडिओत त्याच वाद्यभागावर चढवले गेले आणि 15 मार्च 1968 रोजी ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस ते प्रकाशित झाले. बीटल्सच्या एकेरी ध्वनिमुद्रिकेवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना होय. ‘वंडरवॉल म्युझिक’ 1 नोव्हेंबर 1968 रोजी निघाली. बीटल्सच्या ‘ॲपल’ या ध्वनिमुद्रिका कंपनीची ती पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. तिच्यातील पाश्चात्त्य वळणाचे तुकडे लंडनचे आहेत, तेव्हा तिला सरसकट ‘मुंबईत केलेली’ म्हणणे बरोबर नाही. ‘द इनर लाइट’च्या वाद्यभागाचा एक वेगळा टेक ‘वंडरवॉल म्युझिक’च्या 2014 च्या पुनःप्रकाशनात आला.

1972 चे सत्र. ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली आधीच प्रकाशित झालेली दोन गाणी मुंबईत स्थानिक वादकांसह नव्याने मुद्रित केली. महिन्याबाबत मार्च आणि ऑक्टोबर असे दोन पक्ष आहेत. त्या वर्षी फेब्रुवारीत या बँडचा ऑस्ट्रेलियाचा आणि ऑक्टोबरमध्ये जपानचा दौरा झाला. दोन्ही दौऱ्यांहून परतताना मुंबई वाटेत येत असल्याने प्रवासक्रमावरून निकाल लागत नाही. आजचा कल ऑक्टोबरकडे आहे आणि तो योग्य वाटतो.

‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ या नावाने हे सत्र दीर्घकाळ ओळखले गेले. ते स्वीकारणे कठीण आहे. या नावाचा वाद्यवृंद व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्ये स्थापन केला होता, पण पन्नासच्या दशकात ते मुंबईतून गेल्यावर तो सलग चालू राहिल्याचे दिसत नाही. 1972 चे वादक हे चित्रपटांच्या स्टुडिओंत शिफ्टवर वाजवणारे व्हायोलिन, तबला, सारंगी वगैरेंचे कसबी कलावंत असावेत, हेच अधिक संभवते. संचालक म्हणून बासरीवादक व संगीतकार विजय राघव राव यांचे नाव घेतले जाते. ते सरकारसाठी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये होते, त्यामुळे अशा वादकांशी त्यांचा नित्याचा संबंध होता. या मुद्रणांच्या 2015 च्या अधिकृत प्रकाशनात नुसतेच ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ म्हटले आहे, ते अधिक सावध आहे.

पेजच्या आठवणीप्रमाणे ‘फ्रेंड्स’ सहज उतरले, ‘फोर स्टिक्स’ने दमवले. या गाण्यात पाच आणि सहा मात्रांची वळणे आहेत. दोहोंची बेरीज करून ते रुद्र तालाच्या अकरा मात्रांत बसवण्याचा मोह आपल्याकडे होतो, परंतु वळणे बहुधा आवर्तनागणिक नव्हे, तर खंडाखंडाने बदलतात. तबलजीला सम एकदा दाखवली की तो पाचही धरील आणि सहाही. समोर कागद ठेवून वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्यांना मात्र प्रत्येक बदल लिहूनच द्यावा लागतो. तशी पक्की नोटेशन तयार करण्याइतका अवधी या सत्राला नव्हता. त्यामुळे अडचण भारतीय वादकांना पाश्चात्त्य ताल न कळण्याची होती, हे पुष्कळदा दिलेले स्पष्टीकरण उथळ वाटते. ही मुद्रणे चोरट्या प्रतींतून कित्येक वर्षे फिरत राहिली. अधिकृत प्रकाशनात ‘फोर स्टिक्स’चे वाद्यरूप ‘फोर हँड्स’ या नावाने आले. याच मुक्कामात दोघांनी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नाइटक्लबमध्ये स्थानिक वादकांबरोबर वाजवले, असेही सांगितले जाते.

स्थानिक बँड. शहरातील बँडचे मुद्रण मात्र तुटक आहे. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या 1970 व 1971 च्या दीर्घ ध्वनिमुद्रिका हा महत्त्वाचा ठेवा. त्यांत देशभरातील बँड आहेत, एकट्या मुंबईचे नव्हेत. उपाहारगृहे व नाइटक्लबांत रोज वाजवणाऱ्या मुंबईच्या बँडना लोकप्रिय विदेशी गाणीच वाजवावी लागत. स्वतःच्या रचनांसाठी स्टुडिओचे भाडे परवडत नसे आणि कंपन्यांना त्यात ग्राहक दिसत नसे. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन 77’ हा या दृष्टीने अपवाद. ती अमेरिकेत 2011 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे तिची चर्चा झाली.

ऐंशीच्या दशकात फोर्टमधील वेस्टर्न आउटडोअर स्टुडिओत बहुमार्गी मुद्रणाची सोय होती. ध्वनिमुद्रक दमन सूद यांचे नाव या स्टुडिओशी जोडलेले आहे. आता गिटार, ड्रम आणि गायन वेगवेगळे घेऊन मागाहून मिसळणे शक्य झाले. 1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे स्वतःच्या रचनांचे अल्बम काढले. 1993 मध्ये हा बँड ‘इंडस क्रीड’ झाला आणि 2012 मध्ये त्याचा ‘इव्हॉल्व्ह’ आला. ‘पेंटाग्रॅम’ या बँडने नव्वदच्या दशकापासून गिटार व इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकत्र आणली. संगणकावर घरीच मुद्रण होऊ लागल्यानंतरचा काळ या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे.