हिंगूळ वेगळा, शेंदूर वेगळा

शेंदूर म्हटला की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे प्रभादेवीचा सिद्धिविनायक उभा राहतो, नाहीतर नाक्यावरचा मारुती. हिंगूळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. म्हणून फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या लघुचित्रांसमोर उभं राहून आपण दिसेल त्या झगझगीत लालाला ‘शेंदरी’ म्हणून मोकळे होतो. चितारी मात्र हे दोन रंग वेगळ्या पुड्यांत ठेवत. त्यांची किंमत वेगळी, घोटण्याची रीत वेगळी आणि खराब होण्याची तऱ्हाही वेगळी.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. तो खनिज म्हणून खाणीतून निघतो. स्पेनमधली अल्मादेनची खाण त्यासाठी दोन हजार वर्षांहून जास्त काळ प्रसिद्ध होती. तो बनवताही येतो. पारा आणि गंधक एकत्र खलले की आधी काळी कज्जली तयार होते. ती बंद भांड्यात तापवली की वाफ होऊन वर चढते आणि गार भागावर लाल होऊन धरते. आयुर्वेदातला रससिंदूर असाच तयार होतो. नावात सिंदूर असला तरी तो पाऱ्याचा, म्हणजे हिंगुळाच्या घरातला.

शेंदूर शिशाचा. शिसं हवेत तापवलं की पिवळसर मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, होतं आणि तेच पुढे साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला बराच वेळ भाजत ठेवलं की नारिंगी-लाल शेंदूर होतो. भट्टी आणि शिसं असलं की काम झालं, म्हणून तो स्वस्त. पारा मात्र आपल्याकडे बाहेरून यायचा. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून सुरतेला उतरणाऱ्या मालात पारा आणि हिंगूळ दोन्ही असत. महाग हिंगुळात स्वस्त शेंदूर मिसळण्याची लबाडी जगभर चालत आली आहे, आणि ती खपून जाई, कारण हिंगूळ जितका बारीक घोटाल तितका तो उजळ आणि नारिंगीकडे झुकलेला दिसतो. जाडसर हिंगूळ रक्तासारखा गडद असतो, तेव्हा ओळख पटते. बारीक झाला की शेंदराशेजारी ठेवून बघावं लागतं. वजनावरूनही कळत नाही. दोन्ही पाण्याच्या आठपटींहून जड आहेत. चिमटीत हलकी लागणारी पूड असेल तर ती या दोन्हींपैकी काहीच नाही, एवढंच वजनावरून ठरतं.

लघुचित्रकार हिंगूळ दगडी खलात लिंबाच्या रसाबरोबर घोटत, वर येणारं पिवळसर पाणी पुन्हापुन्हा निथळून टाकत, मग डिंकात कालवत. वसलीवर, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर, लावून झाल्यावर चित्र पालथं घालून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे रंग कागदात बसून सपाट, घट्ट दिसे. मेवाडच्या राणा जगतसिंहाच्या काळात चितारलेल्या रामायणातल्या बालकांडाची, १६४९ मधली, मनोहर या चित्रकाराची पानं आपल्या याच संग्रहालयात आहेत. ती पाहायला मिळाली तर कथा बाजूला ठेवून आधी लाल रंग बघा. कुठे तो पृष्ठभूमी होऊन पसरतो, कुठे वस्त्राची एक कड होऊन थांबतो. नुसत्या डोळ्यांनी ‘हा हिंगूळच’ असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते सांगतं क्ष-किरणांचं उपकरण: रंगावर किरण टाकले की पारा आहे की शिसं, ते चित्राला धक्का न लावता कळतं.

अजिंठ्याचा लाल या दोघांतला नाही, बरं का. तो बहुतांश गेरू आहे, म्हणजे लोहयुक्त माती.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तेलातला फरक. शेंदूर तेलात कालवला की त्यातलं शिसं तेलाला लवकर सुकायला आणि घट्ट व्हायला मदत करतं. हिंगूळ असं काही करत नाही. लेपावर लेप चढवत गेलं की शेंदराचं कवच होतं ते याचमुळे, आणि जहाजांच्या व पुलांच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून पहिला हात शेंदराचा देत तोही याच गुणामुळे. माझगावच्या गोदीतलं पोलाद आणि देवळातला मारुती यांच्यावर एकच रसायन काम करत होतं, हे मला फार विलक्षण वाटतं. (आज लोखंडाला सर्रास लावतात तो रेड ऑक्साइड, त्यात शिसं नसतं, लोहाचा ऑक्साइड असतो.) वणीच्या सप्तशृंगीदेवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे साचलेले थर २०२२ मध्ये उतरवले, तेव्हा आतलं मूळ कोरीव रूप समोर आलं. असा थर हिंगुळाचा कोणी चढवला नसता, परवडलाच नसता.

आता काळं पडण्याबद्दल. दोन्ही काळवंडतात, पण कारणं निराळी. हिंगुळाचा वैरी उजेड. त्यातून हवेत क्षार असतील तर काम लवकर होतं, आणि मुंबईच्या हवेत समुद्राचं मीठ असतंच. विट्रुवियस या रोमन स्थापत्यकाराने लिहून ठेवलंय की फाबेरियस नावाच्या लेखनिकाने घराच्या उघड्या चौकातल्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या आणि ३० दिवसांत त्या विद्रूप झाल्या. त्यावर उपाय म्हणून तो मेणाचा हात द्यायला सांगतो. शेंदराला उजेड आणि ओलावा तर बाधतोच, शिवाय हवेतला गंधकाचा वायूही बाधतो. चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत कित्येक चेहरे आज तपकिरी-काळे दिसतात, ते मुळात शेंदूर मिसळलेल्या उजळ रंगाचे होते. तेलात मुरलेला शेंदूर त्यामानाने सुरक्षित. भिंतीवर किंवा कागदावर उघडा पडलेला लवकर बिघडतो. कागदावरची चित्रं संग्रहालयात ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच्या मंद उजेडात ठेवतात ती उगीच नाही. दिवे कमी म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हा रंग डोळ्यांपुढे आणावा.

बाजारात आज काय मिळतं? शाळेच्या रंगपेटीतल्या ‘व्हर्मिलियन’मध्ये पारा नसतो, ते फक्त छटेचं नाव उरलंय. कलाकारांच्या महागड्या ट्यूबवर मात्र रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो: पीआर (पिगमेंट रेड) १०६ म्हणजे खरा हिंगूळ, पीआर १०५ म्हणजे खरा शेंदूर. पूजासाहित्याच्या दुकानातली ‘शेंदूर’ लिहिलेली पुडी शिशाचीच असेल असं नाही, कृत्रिम रंग घातलेली पांढरी पूडही असू शकते. आणि कुंकू हा तिसराच प्रकार: पारंपरिक कुंकू हळदीला क्षार देऊन लाल केलेलं असतं.

घरी तापवून पारख करायच्या फंदात पडू नका. हिंगूळ तापला की पाऱ्याची वाफ सुटते, आणि शेंदराची धूळही तितकीच घातक. लहान मुलांना शिशाची अगदी थोडी मात्राही बाधते. देव्हाऱ्यातल्या जुन्या मूर्तीवरचा शेंदूर सुटायला लागला असेल तर तो कोरडा खरवडू नये, झाडूने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, हात धुवावेत आणि मूर्ती जुनी, मोलाची असेल तर संवर्धकाला दाखवावी. वर सांगितलेल्या संग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. चौकशीला तिथून सुरुवात करता येईल.