बासष्टची पुस्तके आणि एक निसटलेले कलम

1962 च्या भारत-चीन युद्धावर आधी लिहिले ते हरलेल्यांनीच. 1967 मध्ये ईशान्य आघाडीवरच्या सैन्याच्या प्रमुखाचे, म्हणजे कोअर कमांडरचे, आत्मकथन आले. 1969 मध्ये त्याच आघाडीवरच्या नामका चू नदीवर चिन्यांच्या हाती सापडलेल्या ब्रिगेडियरने आपले पुस्तक काढले आणि त्या कोअर कमांडरलाच आरोपींच्या रांगेत उभे केले. माझ्या लेखी दोन्ही कैफियतीच. दुसरी सरस उतरली आहे, म्हणून जास्त खरी वाटते, एवढेच.

1970 मध्ये लंडनच्या एका दैनिकाच्या दिल्लीतील माजी वार्ताहराचे पुस्तक आले आणि ‘फॉरवर्ड पॉलिसी’ (सीमेवर ठाणी पुढे पुढे नेण्याचे धोरण) हा शब्द सर्वतोमुखी झाला. सगळा घोळ या शब्दात आहे. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तानच्या दिशेने सरहद्द रेटणाऱ्या ब्रिटिशांचा हा शब्द. लडाखला लावला की भारत आपोआप चढाईखोर ठरतो. अर्थात या पराभवाच्या आपल्या लष्करी चौकशी अहवालातही तोच शब्द आहे, तेव्हा एकट्या वार्ताहराला बोल लावता येत नाही.

2 नोव्हेंबर 1961 च्या दिल्लीतील बैठकीत ठरलेल्या गोष्टी तीन होत्या. लडाखमध्ये शक्य तितके पुढे जाऊन ठाणी उभारायची. चीन सीमेच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे आजच्या हिमाचल-उत्तराखंडच्या बाजूला, सीमेलगत पोहोचायचे. आणि या ठाण्यांच्या मागे, रसद पोहोचेल अशा जागी, मोठे सैन्य तयार ठेवायचे. 5 डिसेंबरला सेना मुख्यालयाचा आदेश निघाला, त्यात हे तिसरे कलम गळले होते. ठाणी पुढे गेली, पाठीशी बळ नव्हते. म्हणजे ठरलेले धोरण एक आणि अमलात आलेले दुसरे, नाव मात्र दोघांना एकच. बासष्टवरचे नवे पुस्तक हाती आले की मी आधी हा डिसेंबरचा आदेश शोधतो. बहुतेकांत तो नसतो.

चौकशी अहवाल 1963 चा. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेलेल्या संरक्षणमंत्र्यांनी त्याचे सार त्याच सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितले. मूळ कागद मिटलेलाच राहिला. 2010 मध्येही त्यातला मजकूर आजच्या लष्करी कारवायांच्या दृष्टीने मोलाचा असल्याचे उत्तर लोकसभेत मिळाले. 2014 मध्ये त्याच वार्ताहराने अहवालाचा बराच भाग इंटरनेटवर टाकला. सेना मुख्यालय चौकशीच्या कक्षेतच नव्हते, हे त्यात सर्वांना वाचता आले.

2020 च्या गलवान खोऱ्यातील भारत-चीन चकमकीनंतर पुस्तकांचा पूर आला. त्यांतल्या अनेकांत बासष्ट पहिल्या प्रकरणातच आटोपते. 2021 च्या सरकारी धोरणानुसार यापुढे युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हायचा आहे. जुने कागद खुले करायचे की नाही, हे मात्र एकेका कागदाचा वेगळा विचार करून ठरणार.