पाणी कुठे मुरतंय?

एक लिटर पाण्याचं तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे १०५ किलोज्यूल ऊर्जा लागते. अंघोळीचं पाणी तापवताना आपण साधारण एवढीच वाढ करतो. हीच ऊर्जा ते लिटरभर पाणी नुसतं वर उचलायला वापरली, तर ते साडेदहा किलोमीटरहून अधिक उंच जाईल. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर उंच आहे. पाणी वाचवून बिल कमी करायचं असेल, तर सुरुवात गरम पाण्यापासून करायला हवी, ती यासाठी.

पाणी तापायला एवढी ऊर्जा का खातं? त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. दिलेल्या उष्णतेचा मोठा वाटा हे बंध सैल करण्यातच जातो, तापमान चढायला उरलेली उष्णता कामी येते. म्हणून पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलो पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, लोखंडाच्या नऊपटीहून जास्त आहे. विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. त्यात जेमतेम ३४ लिटर पाणी २५ अंशांनी तापतं. तेच युनिट पंपाला दिलं आणि पंपाने त्यातली दोन तृतीयांश ऊर्जा वाया घालवली, तरी १२,००० लिटर पाणी दहा मीटरवरच्या टाकीत चढतं. पंप चालू झाला की काही घरांत मीटरकडे धास्तीने बघतात. खरं तर बघायला हवं गिझरकडे.

शॉवरमधून मिनिटाला १२ लिटर पाणी येत असेल, तर आठ मिनिटांच्या अंघोळीला ९६ लिटर पाणी आणि जवळपास २.८ युनिट वीज लागते. सात लिटरचा शॉवर लावला तर ५६ लिटर आणि १.६ युनिट. एका माणसाच्या एका अंघोळीमागे सव्वा युनिटाच्या आसपास फरक पडतो. कमी पाण्याचे चांगले शॉवर थेंबांचा आकार आणि वेग बदलतात, काही त्यात हवा मिसळतात, त्यामुळे अंगावर पाणी कमी पडतंय असं फारसं जाणवत नाही. (काही शॉवर मात्र नुसतं भोक लहान करून विकले जातात. लोक असले शॉवर महिन्याभरात काढून टाकतात.) आपल्या शॉवरचा वेग मोजायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं: बादली ५० सेकंदांत भरली तर वेग मिनिटाला १२ लिटर. बादलीने अंघोळ करणाऱ्यांना हा हिशेबच लागत नाही. ती भरली की थांबते, शॉवरला थांबणं ठाऊक नसतं.

नळात गरम पाणी येईपर्यंत आपण जे सोडून देतो, त्याचंही मोजमाप करता येतं. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या दहा मीटर पाइपात पावणेदोन लिटर पाणी मावतं. नळ उघडला की तेवढं गार पाणी आधी बाहेर पडतं आणि नळ बंद केल्यावर तेवढंच तापवलेलं पाणी पाइपात निवत पडतं. ते पाहता हात धुण्यासाठी गरम नळ सोडण्यात काही अर्थ नाही. गरम पाणी पोहोचायच्या आत हात धुऊन झालेले असतात. घर बांधताना किंवा नळजोडणी बदलताना गिझर बाथरूमच्या शक्य तितका जवळ ठेवावा.

आता गळती. थेंब केवढा होणार हे नळाच्या तोंडाचा परीघ आणि पाण्याचा पृष्ठताण मिळून ठरवतात: थेंबाचं वजन पृष्ठताणाला पेलवेनासं झालं की तो सुटतो. नळाच्या तोंडाला लोंबणारा थेंब साधारण ०.१ ते ०.२ मिलिलिटरचा असतो. सेकंदाला एक या वेगाने दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे ९ ते १७ लिटर पाणी. वाईटच, पण टपटप ऐकू येते, डोक्यात जाते आणि कधी ना कधी कुणीतरी वॉशर बदलतं.

संडासाच्या फ्लश टँकची गळती आवाज करत नाही. टँकच्या तळाशी असलेली रबरी झडप काही वर्षांत कडक होते, तिच्यावर क्षार साचतात आणि ती नीट बसेनाशी होते. टँकमध्ये २५ सेंटिमीटर पाणी आणि झडपेखाली फक्त एक मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी फट धरली, तर हिशेबाने दिवसाला सुमारे ९० लिटर पाणी भांड्याच्या भिंतीवरून पातळ थरात उतरत राहतं. ते दिसत नाही. पाहायचं असेल तर टँकमध्ये खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे. घरातली सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती बहुधा हीच असावी.

जुने टँक एका फ्लशला १३ लिटरपर्यंत पाणी घेतात, नवे सहा लिटर. दोन बटणांचा फ्लश १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात आला. कॅरोमा कंपनीचे ब्रूस थॉम्प्सन यांनी तो तयार केला. तेव्हा मोठ्या बटणाला ११ आणि छोट्याला साडेपाच लिटर पाणी लागायचं. पुढे ते सहा आणि तीनवर आलं. जुन्या टँकमध्ये वीट ठेवण्याचा सल्ला अजून ऐकू येतो, तो मानू नये. वीट झिजते आणि तिचे कण नेमके त्या रबरी झडपेत अडकतात. पाण्याने भरलेली, झाकण लावलेली बाटली चालते, फक्त ती कुठल्याही हलत्या भागाला टेकता कामा नये.

तेच एक मिलिमीटरचं भोक दहा मीटर उंचीवरच्या टाकीखालच्या पाइपाला पडलं, तर दिवसाला साडेपाचशे लिटरहून जास्त पाणी जातं. दाब चाळीसपट, गळती सव्वासहापट, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब निम्मा केला तरी प्रवाह निम्मा होत नाही, सत्तर टक्क्यांवर येतो. त्यामुळे मुख्य व्हॉल्व्ह थोडा आवळला की काम झालं, असं समजू नये. नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळी, बसवला तर जास्त फरक पडतो.

लपलेली गळती शोधायला रात्र बरी. मीटर सहसा टाकीच्या आधी असतो, म्हणून झोपताना टाकीत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मीटरचा आकडा टिपा आणि टाकीतल्या पातळीवर खूण करा. सकाळपर्यंत मीटर पुढे सरकला असेल तर गळती मीटर आणि टाकीच्या मध्ये आहे. मीटर जागेवर आणि पातळी मात्र खाली, तर गळती घरात. रात्री फ्लश केला असेल तर तेवढं वजा करायचं. बऱ्याच मीटरांवर एक बारीक त्रिकोणी चकती असते. टाकीचा व्हॉल्व्ह आणि सगळे नळ बंद असताना ती फिरत असेल तर रात्रीपर्यंत थांबायचीही गरज नाही.

पाणीपट्टी टप्प्याटप्प्याने वाढत असेल, तर या शोधाचे पैसे आणखी चांगले सुटतात. वाचलेले लिटर सगळ्यांत वरच्या, म्हणजे सगळ्यांत महाग टप्प्यातून वजा होतात. दर सपाट असेल तर तेवढा फायदा नाही.

राहिलं वापरलेलं पाणी. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे बरेचदा दोन-तीन लिटर सोडून देतं. त्यात क्षार वाढलेले असतात, म्हणून लादी पुसायला आणि फ्लशला ते उत्तम, कुंड्यांना रोज घालायला नाही. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी साठवायचं असेल तर त्याच दिवशी वापरून टाका. त्यातल्या मळावर जिवाणू वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की नाकाला ते लगेच कळतं.